करदोड्याचं माप

आमच्या थोरल्या चुलत्यांच्या कमरेला जन्मभर एकाच मापाचा करदोडा होता. जुना झाला की पौडच्या बाजारातून नवा आणायचा, जुना सोडून त्याच्याशेजारी धरायचा आणि बरोबर त्याच जागी गाठ मारायची. विशीत जिथं गाठ, सत्तरीतही तिथंच. पावसाळ्यात आवणाच्या चिखलात उतरलेला हा माणूस दिवाळीनंतर मळणी उरकली की मगच जरा टेकायचा, त्यामुळे गाठ सरकायचं कारणच नव्हतं.

त्यांच्या मुलाचा, म्हणजे आमच्या दादाचा, करदोडा पस्तिशीतच रुतायला लागला. काट्यावर तो काही फार भरत नव्हता. उंची पाच फूट पाच इंच, वजन ८१ किलो. "वजन न्हाई रं वाढलं, निस्तं पोट सुटलंय," असं म्हणून तो हसायचा. चाळिशीच्या आत साखरेची गोळी लागली, पाठोपाठ रक्तदाबाची, मग रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याला बायपास सुचवली. हृदयाची नव्हे, जठराची. गावात चर्चा झालीच. एवढ्याशा वजनासाठी पोट कापून घ्यायचं? आमच्या मुळशी तालुक्यात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष नाही. या शस्त्रक्रियेचं आपल्याकडं रुजलेलं चित्रच तसं आहे. २०१७ साली इजिप्तहून एका महिलेला मालवाहू विमानानं मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं. तिचं वजन ५०० किलोच्या घरात असल्याचं सांगितलं गेलं आणि कितीतरी दिवस वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून हे ऑपरेशन म्हणजे ज्यांना दारातून आत येता येत नाही अशा लोकांसाठीचं, अशी समजूत झाली. त्यात नावानं भर घातली. 'वजन कमी करण्याचं ऑपरेशन' म्हटलं की सगळं लक्ष काट्याकडं जातं. पण हृदयाला या शस्त्रक्रियेनं जे मिळतं, ते काट्यावरून कळत नाही. मला हेच सांगायचं आहे.

आधी ऑपरेशन काय असतं ते पाहू. आज दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्ह पद्धतीत जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तोच भाग गेल्यानं भुकेची धारही कमी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर ओढून तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याची सुरुवात टाळून थेट पुढं उतरतं. दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच लहान व्रण राहतात.

पोट लहान झालं, खाणं घटलं, वजन उतरलं, वजनाबरोबर साखर उतरली, असा सरळ हिशेब सर्जनही पूर्वी मांडत असत. मग काही विचित्र दिसायला लागलं. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली आपल्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर बायपासनंतर पूर्ववत झाली होती, आणि ती वजन उतरण्याची वाट पाहत बसली नव्हती, दिवसांतच खाली आली होती. याचा अर्थ आतड्यानंच काहीतरी केलं होतं. अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोहोचलं की तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर स्रवतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. पित्तरसाचं वागणं बदलतं, आतड्यातल्या जिवाणूंचा मेळ बदलतो. आतडं ही नुसती नळी नाही, ते संप्रेरकांचं मोठं कार्यालय आहे, हे या ऑपरेशनांनी दाखवून दिलं.

आता पुण्यात या. मुळशीहून तासाभराच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट मुळशीतच फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. पुण्यातले सर्जन शशांक शहा आणि त्यांचे सहकारी यांनी सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्यासोबत २०१० साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण फक्त १५. सगळे मधुमेही, बहुतेक इन्शुलिनवर, आणि सगळ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३५ च्या खाली. सरासरी होती २८.९. आमच्या दादाच्या उंचीच्या माणसाला हे वजन ७९ किलो पडेल. रस्त्यानं जाताना अशा माणसाकडं कुणी वळून पाहणार नाही. त्या काळी जगात बहुतेक ठिकाणी ऑपरेशनचा उंबरठा ३५ ते ४० चा होता, म्हणजे या पंधराजणांना इतरत्र दारातूनच परत पाठवलं असतं. बायपासनंतर काही महिन्यांत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, १०.१ वरून ६.१ वर आली. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या आणि सुया सुटल्या. कमरेचा घेर, रक्तातली चरबी, रक्तदाब हे सगळं सुधारलं आणि पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा गणिती धोका बराच खाली आला. कुणी दगावलं नाही, कुणी हाडकलं नाही.

पंधरा माणसं म्हणजे पुरावा नव्हे, आणि गणिती धोका म्हणजे प्रत्यक्ष झटका नव्हे. लांबचं पाहायला लांबचा अभ्यास लागतो. तो स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. लठ्ठ माणसांपैकी २०१० जणांनी ऑपरेशन करून घेतलं आणि त्यांच्यासारखेच २०३७ जण नेहमीच्या उपचारांवर राहिले. दोन्ही गटांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. २०१२ साली लार्स श्योस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी एका लेखात हृदयाचा जमाखर्च मांडला. हृदयरोगानं आणि पक्षाघातानं गेलेले लोक ऑपरेशनच्या गटात २८, दुसऱ्या गटात ४९. वय, आधीचे आजार वगैरे फरक जमेस धरल्यावर असे मृत्यू निम्म्याहून कमी झालेले दिसले आणि पहिला झटका किंवा पक्षाघात साधारण एक तृतीयांशानं घटला. याच लोकांत हृदयाची लय बिघडण्याचा विकारही कमी आढळला.

पण त्या लेखातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ वेगळीच आहे. कुणाच्या हृदयाला जास्त फायदा झाला, हे त्यांनी तपासलं. सुरुवातीचा बीएमआय किती होता, यानं काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो रक्तातल्या इन्शुलिननं. ज्यांचं इन्शुलिन आधी चढलेलं, त्यांना ऑपरेशनचा फायदा अधिक. इन्शुलिन चढणं म्हणजे काय? बांधावरून हाक मारली आणि पलीकडच्याला ऐकू गेली नाही की आपण आवाज चढवतो. शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं झालं की स्वादुपिंड असाच आवाज चढवत राहतं, आणि त्या आरड्याओरड्यात रक्तवाहिन्यांची आतली मऊ अस्तरं खराब होतात, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, रक्तदाब वर जातो. स्वीडनसारख्या धिप्पाड माणसांच्या देशातही काटा मागं पडला आणि इन्शुलिन पुढं आलं.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते; ज्यांना ऑपरेशन हवं होतं त्यांनी ते घेतलं. बहुतेकांवर झालेलं जठराला पट्टी आवळण्याचं ऑपरेशन आज मागं पडलंय. पुढं अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकनं मधुमेही लठ्ठ रुग्णांची अशीच तुलना २०१९ साली प्रसिद्ध केली. आठ वर्षांत मृत्यू, झटका, पक्षाघात, हृदय थकणं, लय बिघडणं किंवा मूत्रपिंड बिघडणं यांपैकी काहीतरी ऑपरेशन झालेल्यांत ३०.८ टक्क्यांना झालं, न झालेल्यांत ४७.७ टक्क्यांना. दिशा तीच राहिली.

मग ८१ किलोच्या माणसाचं इन्शुलिन एवढं चढतं कसं? आमच्याकडं भात साठवायला कणग्या असायच्या. बांबूच्या, शेणानं सारवलेल्या. ज्याची कणगी मोठी, त्याच्या घरात सुगीनंतरही ओटी-माजघर मोकळं. ज्याची लहान, त्याच्याकडं पोती स्वयंपाकघरात, देवघरात, झोपायच्या जागेवर. शरीरात कातडीखालची चरबी ही कणगी. तिथं साठलेलं तूप-साखर फारसं कुणाला त्रास देत नाही. आपली कणगी लहान. ती भरली की चरबी पोटाच्या आत, यकृतात, स्वादुपिंडात, हृदयाच्या अवतीभवती जागा धरते. पोटातल्या चरबीतून सुटलेली आम्लं रक्तावाटे सरळ यकृतात जातात आणि तिथून सगळा बिघाड सुरू होतो. मराठीत यकृतालाही काळीज म्हणतात आणि हृदयालाही. या आजारात एकाचं दुखणं दुसऱ्यापर्यंत जातंच.

कणगी लहान का, याचा शोधही पुण्यातच लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास मांडला. आया लहानखुऱ्या, सरासरी बीएमआय १८ च्या आसपास, शेतात राबणाऱ्या. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक असणार असंच कुणालाही वाटेल. मोजल्यावर दिसलं की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या चिमटीत येणारी चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच. 'बारीक पण चरबीदार बाळ' ही कल्पना २००३ साली जगापुढं गेली. पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत आपलं छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापलं. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. याज्ञिक स्वतः कमी वजनाचे जन्मले होते. आपल्याच देहाचा पुरावा पुढं ठेवणाऱ्या या पुणेकर डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे.

पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राबलेल्या आयांच्या पोटी जन्मलेली शरीरं, आणि त्यांच्यापुढं अचानक आलेली सुबत्ता. मुळशीत हा बदल एका पिढीत झाला. हिंजवडी, माण, मारुंजी याच तालुक्यातली. पिरंगुटला कारखाने आले, पौड रस्त्यानं भूगाव-भुकूमला मंगल कार्यालयं उभी राहिली, खाचरं गुंठ्यांनी विकली गेली. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटानं जमीन गेलेल्या पोरांच्या हातातली हत्यारं दाखवली. त्यांच्या रक्तातली साखर कॅमेऱ्याला दिसणारी नव्हती. चिखलात सहा तास वाकणारी कंबर आता गाडीच्या सीटवर, नाहीतर कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसते. लग्नसराईत आठवड्यातून चार जेवणावळी होतात. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ असल्याचं एका जागतिक अभ्यासात आढळलं. इतर देशांत ते जवळपास ५९. त्या सहा वर्षांत मुलाचं लग्न व्हायचं असतं, कर्ज फिटायचं असतं.

एवढं सगळं कळूनही नियम अजून काट्यालाच धरून आहेत. सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली मार्गदर्शन बदललं: आशियाई लोकांना २७.५ च्या बीएमआयपासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा. आपल्या आरोग्यविम्याच्या ठराविक शर्तीत मात्र ४०, किंवा हृदयरोग, अनियंत्रित मधुमेह यांसारखा गंभीर आजार असेल तर ३५, ही अट आहे. दादाच्या उंचीला ३५ म्हणजे ९५ किलो. एचबीए१सी दहाच्या वर, सुया चालू, आणि विम्याच्या लेखी माणूस चौदा किलोनं निरोगी! त्यानं खर्चासाठी उरलेल्यातली काही जमीन विकली. ज्या शरीराचा शोध पुण्यानं लावला, त्याच शरीराला पुण्यातच हा नियम लागू पडतो. तो बदलायला हवा, असं मी स्पष्ट म्हणतो.

ऑपरेशन झालं की काम संपलं, असं मात्र अजिबात नाही. दादाला पहिले काही आठवडे पेज, ताक, वरणाचं पाणी, मग मऊ भात. आजही तो पंगतीला बसतो तेव्हा बायको पिशवीतून एक लहान वाटी आणि चहाचा चमचा काढते. वाटीभर आमटी-भात तो अर्धा तास चावत बसतो. जेवताना पाणी नाही. वाढपी आग्रह करतो, "घ्या की दादा, एवढ्यानं काय होतंय," आणि दादा हात आडवा धरतो. एकदा आग्रहाला भुलून त्यानं दोन जिलब्या खाल्ल्या, तर दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, आणि तो मांडवामागं जाऊन आडवा झाला. साखर भसकन आतड्यात उतरली की असं होतं.

साखर दोन महिन्यांत ताळ्यावर आली, इन्शुलिन सुटलं, रक्तदाबाची एक गोळी उरली. रात्रीचं घोरणं थांबलं. झोपेत श्वास अडखळला की हृदयावर ताण येतो, म्हणून हेही हृदयाच्याच जमेचं. दोन वर्षांनी मात्र त्याच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटायला लागले. सगळ्यांना वाटलं मधुमेह परतला. निघालं बी-१२. हे जीवनसत्त्व अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं आणि शोषलं जायला जठरातच तयार होणारा एक पदार्थ. बायपासनं दोन्हीची वाट वळवली. त्यात दादा माळकरी, मांस-मासे वर्ज्य. याज्ञिकांच्या अभ्यासातल्या गावांत तर ऑपरेशन न झालेल्या बायांतही बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली होती. बरं वाटतंय म्हणून दादानं गोळ्या थांबवल्या होत्या आणि रुग्णालयातूनही पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. आता त्याला महिन्याला सुई आहे, जन्मभर. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्याही तशाच.

मधुमेहही कायमचा गेला असं धरून चालत नाही. स्वीडनच्या त्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही आजारमुक्त होते, पंधरा वर्षांनी ३० टक्के. आजार जुना झाल्यावर, स्वादुपिंड थकल्यावर केलेल्या ऑपरेशनचा उपयोग कमी. दारूबद्दलही बोलायला हवं, कारण मुळशीत आता फार्महाउसागणिक पार्ट्या आहेत. बायपासनंतर दारू झपाट्यानं रक्तात चढते आणि व्यसन जडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे हृदयरोगाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, पण अपघात आणि आत्महत्या वाढलेल्या दिसल्या. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मनाची विचारपूस करणारं माणूस हवंच. तंबाखू-मिसरी सुटली नाही तर जोडाच्या जागी व्रण होतो, आणि हृदयाचं मिळवलेलं जातं ते वेगळंच. स्वीडनमध्ये पहिल्या नव्वद दिवसांत २०१० पैकी पाचजण दगावले, हेही सही करण्याआधी घरच्यांना माहीत असावं.

२०२५ पासून जीएलपी-१ सारखं काम करणारी वजनाची इंजेक्शनंही आपल्याकडं मिळू लागली आहेत. आतड्यानं ऑपरेशननंतर जे केलं, त्याचीच ही बाटलीतली नक्कल. हृदयरोग असलेल्या १७,६०४ लोकांवरच्या चाचणीत त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधानं झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाचे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. इथं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. सुई थांबली की वजन परततं, पण ज्याला कापाकापी नको त्याला आता वाट आहे.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीत आशाताई सरकारी फॉर्म घेऊन आल्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो: तंबाखू, दारू, व्यायाम, घरातले आजार आणि कमरेचा घेर. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९१ ते १०० असेल तर एक, त्यावर दोन. बायकांसाठी हेच ८० आणि ९०. फॉर्ममध्ये वजनाला रकाना नाही, हे पाहून मला फार बरं वाटलं. दादानं सदरा वर केला. करदोडा सैल लोंबत होता. टेप ८८ वर थांबला.

त्याचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. चोवीस वर्षांचा, हिंजवडीला रात्रपाळीला जातो, सडपातळ म्हणावा असा. जन्मला तेव्हा अडीच किलोही नव्हता. त्याचं वय फॉर्ममध्ये बसत नव्हतं. तरी आशाताई म्हणाल्या, "ये रे इकडं," आणि टेप त्याच्या कमरेभोवती धरला. ९३ भरला. त्यांनी पेन उचललं, फॉर्मकडं पाहिलं आणि समासात त्याचं नाव लिहिलं.